हलू नका, भाऊजी

मला छत्री म्हणतात, पण पावसाचं नि माझं कधी जमलं नाही. आभाळ भरून आलं की मला काही सुचेनासं होतं आणि खाली टीव्हीवर चित्राचे चौकोन पडायला लागतात. मी पत्र्याची, परातीसारखी पसरट, टीव्हीसाठी घरावर बसवतात ती छत्री. तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यात, भैय्यालालच्या स्लॅबवर माझा संसार. मी सहसा बोलत नाही, नुसतं ऐकते. पण आज माझ्या मनासारखं झालं आहे, आणि मनासारखं झालेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते तुमसरच्या बाजारातलं दुकान. झारे टांगावेत तशा आम्ही दहा-बारा बहिणी बाहेर टांगलेल्या होतो. भैय्यालालनं प्रत्येकीवर टिचकी मारून पाहिली आणि मला उतरवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एसटीत मला मांडीवर घेऊन बसला, तर कंडक्टर म्हणाला, "याचं अर्ध तिकीट लागन जी."

"खिडकीपाशी तर मीच बसलो आहो. ते कायले तिकीट काढन?" भैय्यालाल म्हणाला. सगळी गाडी हसली. मला तो माणूस तिथेच आवडला. हळू बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढे हाच त्याचा दोष ठरला, ते पुढे येईलच.

मला बसवायला मंगेश नावाचा मेकॅनिक आला. तो वर माझ्यापाशी, भैय्यालालची बायको शोभाताई अंगणात आणि भैय्यालाल आत टीव्हीसमोर. मंगेशनं मला केसभर फिरवायचं आणि ओरडायचं, "आला का जी?" शोभाताईनं आत विचारायचं, आतून उत्तर घ्यायचं आणि वर पोचवायचं.

"नाही म्हणते."

"आता?"

"आला म्हणते. थांबा. गेला म्हणते."

आग्नेयेकडे आभाळात एक जागा आहे, तिथून सगळं येतं. त्या जागेकडे माझं तोंड अगदी नेमकं झालं पाहिजे. दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर खाली अंधार. अखेर ती जागा सापडली, आतून गाण्याचा आवाज आला, मंगेशनं नट आवळले आणि मी कामाला लागले.

काम म्हणजे काय, तर पाहणं आणि खाली पोचवणं. सरकारी चॅनेल मी फुकट दाखवत असे. त्यात एक खेळाचं. भारताचा क्रिकेटचा सामना असला की भैय्यालालच्या पुढच्या छपरीत पाय ठेवायला जागा नसे. चपलांचा ढीग पडे. पलीकडच्या धुरपताबाई, वयानं मोठ्या आणि जिभेनं त्याहून मोठ्या, त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. तरी पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत बसत आणि खेळाडूंच्या आयांची काळजी करत.

माझं तोंड आभाळाकडे असलं तरी कान गल्लीत असत. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणी भाजी जाळली, कोणती सासू कोणत्या सुनेची कुरापत नळावर काढते, सगळं मला ठाऊक. याला कुणी चोंबडेपणा म्हणो. इतक्या उंचावर बसवलं तर दिसणारच ना.

त्या दिवसांत मी सुखी होते.

भैय्यालालचा धाकटा भाऊ धनंजय. घराची वाटणी झाली तेव्हा मधे भिंत आली, अंगणात कुंपण आलं, स्लॅब मात्र एकच राहिला. धनंजय तुमसरला ट्रॅक्टरच्या शोरूमात कामाला. इस्त्रीचा शर्ट, उंच, आवाज मोठा. बोलायला लागला की समोरच्यानं मान हलवायची, एवढंच काम उरे. त्यानं भिंतभर टीव्ही आणला. मोबाईलच्या टॉवरवरून नेट पकडणारं एक पांढरं खोकं आणलं. आणि खोकं लावायला त्याला स्लॅबवरची जागा हवी होती. कोणती? माझी.

रोवणीचे दिवस होते. भैय्यालाल नि शोभाताई धानाच्या बांधीत, चिखलात. घरी कुणी नव्हतं. धनंजय पाना घेऊन वर आला. नट गंजलेले, निघेनात. मग त्यानं माझ्या स्टँडला लाथ घातली. एकदा नाही. पाईप वाकला, मी आडवी झाले. त्यानं मला उचललं आणि वरून अंगणात फेकलं. मी ज्या आवाजानं पडले तो आवाज मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी शोभाताईनं विचारलं, "भाऊजी, छत्री काहून काढली?"

"अवो वहिनी, भंगार आहे ते. आता कोणी छत्री पाहते का? सगळं ॲपवर आहे. तुमाले काय पाह्यचं ते माझ्या घरी येऊन पाहा न. मी का नाही म्हणतो?"

शोभाताईनं नवऱ्याकडे पाहिलं. भैय्यालाल पायाचा चिखल धूत होता. तो धुतच राहिला.

मग माझे दिवस कसे गेले विचारू नका. धनंजयनंच मला कुंपणापलीकडे नेलं आणि बकऱ्यांपुढे ठेवलं, कोंड्याचं ताट म्हणून. सातासमुद्रांपलीकडचे खेळ पाहिलेली मी, बकऱ्या माझं तोंड चाटू लागल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना काय कळतं. माझा राग दोन पायांवर चालणाऱ्यावर होता. मी पडल्या पडल्या रोज त्याचा आवाज ऐकत होते आणि रोज रागाला थोडं थोडं खाऊ घालत होते. इकडे बकऱ्या वाढल्या, तिकडे राग वाढला.

आता हर्षाचं सांगते. भैय्यालाल आणि शोभाताईची एकुलती एक पोरगी. लहानपणी मी तिला वरून पाहत असे. कुणी धरायला गेलं की अंगणातल्या खांबाला अशी वळसा घालून निसटे की धरणारा खांबालाच मिठी मारे. शाळेत खो-खो खेळू लागली, तिथून भंडाऱ्याला, मग नागपूरला खेळाच्या वसतिगृहात गेली. यंदा विदर्भाच्या मुलींच्या संघात आली.

धनंजय तेव्हा काय बोलला ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "दादा, पोट्टीले अर्ध्या चड्डीवर लोकांसमोर पळवते का? सोयरीक कोण करन?" भैय्यालाल यावरही गप्प. शोभाताई मात्र म्हणाली, "तिच्या सोयरिकीची काळजी तुमी नका करू, भाऊजी." एवढंच म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

पण त्या माउलीनं पोरीला मैदानात खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. सामने कुठे नाशिकला, कुठे ओडिशात. कधी रोवणी, कधी निंदण, कधी घरात दुखणं. पोरगी फोनवर सांगे, "आई, आज तीन मिनिटं टिकली मी." आई नवलानं म्हणे, "बापा." तीन मिनिटं टिकणं म्हणजे काय असतं, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

यंदा दिवाळी झाली आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. सरकारी खेळाच्या चॅनेलवर थेट दाखवत होते, ॲपवरही होतं. उपांत्य सामन्याला शोभाताई धान कापायचं सोडून आली, हातपाय धुऊन, लुगडं बदलून दिराच्या घरी गेली. दारापाशी चटईवर बसली. मी गोठ्यात बकऱ्यांत, पण समोरची खिडकी उघडी होती. पाहत नि ऐकत होते.

सामना सुरू झाला आणि थोड्या वेळात पडद्यावर, नेट अडलं की येतं ते, गोल चाक फिरू लागलं. चित्र थांबलं. हर्षा मैदानात उतरायची होती.

"येते आता," शोभाताई म्हणाली.

"काय येते वहिनी. नेट वाया चाललं." धनंजयनं बटण दाबलं. "इकडं जुनी क्रिकेटची मॅच आहे, ते पाहू. पोट्ट्यायचं पळणं का पाह्यचं, शिवणापाणीच तं आहे."

क्रिकेटचं समालोचन सुरू झालं. शोभाताई उठली. चटईची घडी घालून कोपऱ्यात ठेवली. मग बाहेर आली, गोठ्यापाशी थांबली, माझ्यातला कोंडा जमिनीवर रिकामा केला आणि मला कुंपणावरून आपल्या अंगणात घेतलं. नळाखाली राखेनं घासलं. इतकं जोरात की माझा रंग निघाला.  घासणारा हात काय म्हणतो ते भांड्याला कळतं. त्या घटकेपासून तिचा नि माझा पक्ष एक झाला.

विदर्भ तो सामना जिंकला. अंतिम सामना महाराष्ट्राशी. आणि तो आला नेमका सिहोऱ्याच्या मंडईच्या दिवशी.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी, जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, सगळे त्या गावात येतात. दुपारी मैदानात दंडार नाचतात, त्यात बायांची सोंगंही पुरुषच घेतात, रात्री नाटक. सिंगाडे, ऊस, जिलेब्या, पाळणे. घरात पाहुणे किती, यावर घराची पत ठरते. आणि एक गोष्ट पक्की : मंडईच्या पाहुण्यादेखत कुणी आपल्या घरच्या माणसाला नाही म्हणत नाही. भांडण असलं तरी त्या दिवशी पांघरूण घालतात. उद्या उघडतात.

धनंजयला पुतणी एकाएकी आवडायला लागली. मंडईच्या वाटेवर त्यानं फलक लावला, "विजेती पुतणी कु. हर्षा हिचे हार्दिक अभिनंदन". सामना व्हायचा होता. फलकावर हर्षाचा फोटो लिंबाएवढा आणि धनंजयचा टरबुजाएवढा. अंगणात मांडव घातला, भिंतभर टीव्ही बाहेर काढला, साऱ्या गावाला आणि पाहुण्यांना आवतण दिलं.

"वहिनी, तुमी पण या," कुंपणावरून म्हणाला. "मागं एक खुर्ची ठेवतो."

धुरपताबाई ओसरीवर सिंगाडे सोलत होत्या. म्हणाल्या, "काहून रे, पैदा तिनं केली अन् बसाव तिनं मागं?"

"तुमी समोर बसा न, काकू."

"मी तं कुठंई बसन. मले दिसते कुठं."

शोभाताईनं चपला घातल्या. ती मंगेशला शोधायला निघाली. मंगेशची सासुरवाडी सिहोऱ्याचीच, म्हणजे मंडईला तो येणार हे ठरलेलं. तिनं त्याला जिलेबीच्या दुकानासमोरून ओढून आणलं. हात चिकट, तसाच स्लॅबवर चढला. मला पाहून म्हणाला, "छत्री चांगली आहे जी. स्टँड मेलं. वेल्डिंग लागन. पण आज वेल्डिंगवाला दंडारीत नाचून राहिला, साडी नेसून."

"मग?"

"मग कोणी तरी हातानं धरून उभं राहा लागन. सामना संपेपर्यंत. हलाचं नाही."

मंगेशनं वायर जोडली. कपाटावर फडक्यात बांधून ठेवलेला छत्रीचा बॉक्स भैय्यालालनं काढला, छोटा टीव्ही छपरीत ठेवला. मला वाकड्या पाईपवर टेकवून फिरवता फिरवता ती जागा पुन्हा सापडली. किती काळानं! आभाळातून धार आली आणि माझ्या अंगातून खाली गेली. पण धरणाऱ्याचे हात जिथे, तिथेच राहायला हवे होते. मंगेशला सासऱ्यानं जेवायला बोलावलं होतं. तो गेला.

राहिले नवरा-बायको. आणि जो मला धरील त्याला टीव्ही दिसणार नाही.

"मी धरतो. तू जाय खाली," भैय्यालाल म्हणाला.

"तुमी पाहा. तुमचा खांदा दुखते, हलन."

"तुले पाह्यचं होतं न वं."

"मंग अर्धा-अर्धा करू. आधी तुमी पाहा. मधात सुट्टी झाली का मले हाक मारजा."

असं म्हणून तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. भैय्यालाल जड पावलांनी उतरला.

सामना सुरू झाला. खो-खोत दोन्ही संघ आळीपाळीनं पळतात आणि धरतात, दोन दोन वेळा. पहिल्या डावात हर्षा पळायला उतरली. मला ती दिसली. लाल मातीच्या रंगाच्या गादीवर, वेणी वर बांधलेली. ती माझ्यातून गेली, वायरीतून उतरली आणि खाली तिच्या बापाच्या डोळ्यांत पोचली. आणि तिची आई मला छातीशी धरून आभाळाकडे पाहत उभी. पोरगी तिच्या हातांमधून पळत गेली आणि तिला दिसली नाही. खालून भैय्यालाल ओरडत होता. तो इतकं मोठं ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"चकवली! शोभे, चकवली तिनं!"

"कशी?"

"अवं... कशी सांगू. खांबापाशी. अशी."

"अशी म्हणजे कशी जी?"

त्याला सांगता येईना. शोभाताईनं ओठ दाबून धरले. हात मात्र तसूभर हलले नाहीत.

आता शेजारची मजा ऐका. धनंजयच्या मांडवात शंभरेक माणसं. ॲपवर सामना अर्ध्या मिनिटानं शिळा होऊन येतो. मी आभाळातून सरळ घेते, ते शंभर दारं फिरून येतं. आमच्या छपरीत भैय्यालाल ओरडला की तिकडच्या पडद्यावर हर्षा अजून खांबापाशी पोचलेलीही नसे. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले.

"हा काहून ओरडला?"

"पाहजो, आता इथं चकवन ते." आणि खरंच चकवी.

"म्हणजे आपल्याले उष्टं भेटून राहिलं का जी?" कुणीतरी म्हणालं.

धनंजय हसला. "अर्ध्या मिनिटानं का होते? पडदा पाहा न केवढा आहे."

पण मंडई म्हणजे मंडई. दुपार चढली, पाचपन्नास गावचे पाहुणे आले. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पाळण्यात बसून फोटो, दंडारीचे व्हिडिओ, हरवलेल्या मेहुण्याला फोन. टॉवर एक. त्याच टॉवरवर धनंजयचं पांढरं खोकं. तुमसरला रोज फुकट फुशारकी मारणाऱ्या माणसाला आपल्याच गावच्या मंडईचा दिवस कसा असतो हे आठवलं नाही. पडद्यावर ते गोल चाक आलं. भिंतीएवढं चाक. हर्षाचा एक पाय हवेत आणि ती तशीच थांबली.

मी वरून पाहत होते. मला हसता येत असतं तर मी शोभाताईच्या हातातून सुटले असते.

लोक थोडा वेळ चाकाकडे पाहत बसले. इकडे भैय्यालाल ओरडला. एक पाहुणा उठला. कुंपणावरून पाय टाकला. मग दुसरा. मग खुर्च्याच कुंपणावरून येऊ लागल्या. धुरपताबाईंची खुर्ची दोघांनी उचलून आणली, त्या वरच बसलेल्या. मध्यंतर होईपर्यंत भैय्यालालचं अंगण भरलं आणि धनंजयच्या मांडवात धनंजय, त्याचे सासरे आणि एक झोपलेला कुत्रा उरला. मग सासरेही उठले. आता सोयरे तिकडे गेल्यावर यजमान एकटा कसा बसणार? तोही आला, शर्ट ठीक करत, जणू ठरवूनच आला.

"सरका, सरका. पुतणी माझी आहे," म्हणत पुढच्या खुर्चीकडे गेला.

तेव्हा शोभाताईनं वरून हाक मारली. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, गोड.

"भाऊजी, जरा वर येता का? तुमच्यासारखा उंच माणूस नाही इथं. छत्री धरा लागते."

धनंजय थांबला. "मी?"

"तुमचे भाऊ थकले. माझे हात भरून आले. बाकी सगळे पाहुणे. पाहुण्यायले कसं सांगू?"

अंगणभर माना त्याच्याकडे वळल्या. त्यात सासऱ्यांची मान. मंडईचा दिवस.

"जावा न जावईबापू," सासरे म्हणाले. "घरचं काम आहे."

तो चढला. शोभाताईनं मला त्याच्या हातात दिलं, त्याची बोटं एकेक करून बरोबर जागी बसवली. ज्या हातांनी मला खाली फेकलं होतं, तेच हात. मी ओळखले.

"हलू नका, भाऊजी," ती म्हणाली. मग पदर खोचून खाली उतरली आणि पहिल्यांदा पोरीसमोर बसली.

माझा सूड मी तिथून सुरू केला. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला त्याला वाटलं, कठड्यावरून वाकून जरा टीव्हीची कड पाहावी. त्यानं मान लांब केली, मी केसभर कलले. हातभर नाही, केसभरच. खाली चौकोन चौकोन.

"हलला! अरे, कोण आहे वर?" अंगण गरजलं.

"आमचे जावई," सासरे खजील होऊन म्हणाले.

"धनंजय, एवढं एक काम होत नाही का तुझ्यानं?" धुरपताबाई म्हणाल्या. "बकऱ्या तरी गुमान उभ्या राहतात."

तो पुन्हा आभाळाकडे तोंड करून ताठ झाला. घाम कानामागून वाहू लागला. खांद्यावर माशी बसली, उडवता येईना. "काय होऊन राहिलं?" त्यानं विचारलं. कुणी सांगितलं नाही. खाली कुणाला वेळ नव्हता.

शेवटची पाळी विदर्भाच्या पळण्याची. महाराष्ट्राला थोडेच गडी बाद करायचे होते. एकेक करून पोरी बाद होत गेल्या आणि हर्षा एकटी उरली. वेळ संपेपर्यंत ती टिकली तर सामना विदर्भाचा. सापडली तर महाराष्ट्राचा.

त्या वेळी धनंजयच्या हाताला कंप सुटला होता. मी ठरवलं असतं तर तिथेच घसरले असते. सगळ्या गावानं त्याला फाडून खाल्लं असतं. केवढा गोड सूड! पण छपरीत शोभाताई श्वास धरून बसली होती, आणि तिला मी काय देणं लागत होते ते मला ठाऊक होतं. मी वाकडा पाईप घट्ट धरला. त्या माणसाचे हात कापत राहिले, मी कापले नाही.

हर्षा पळाली. साखळीतून आत, बाहेर, पुन्हा आत. खांबापाशी ती एवढी वाकली की धरायला आलेलीचा हात तिच्या वेणीवरून गेला. शोभाताईचा हात आपोआप हवेत वळसा घालून आला. "असं," ती पुटपुटली. "असं करते ते." दुसरी पोरगी आली, तिसरी आली. शेवटी एक लांब हात आला, त्याचं टोक हर्षाच्या पाठीला लागलं आणि लगेच शिट्टी वाजली. हात आधी, शिट्टी मग. सामना महाराष्ट्राचा.

अंगण चिडीचूप झालं.

"काय झालं? जिकलो का?" वरून आवाज आला.

 पडद्यावर हर्षा गादीवर पालथी पडली होती, छाती वरखाली होत होती. मग उठली. ज्या पोरीनं तिला धरलं होतं तिच्याच खांद्यावर हात टाकला. शोभाताईनं टाळी वाजवली. एकटीनं. मग भैय्यालालनं. मग धुरपताबाईंनी, कोण जिंकलं ते न कळताच. मग सगळ्यांनी.

"म्हणजे जिकलो न?" वरून.

"हलू नका, भाऊजी. अजून बक्षिसं राह्यली."

बक्षिसं झाली. हर्षाच्या गळ्यात रुपेरी पदक पडलं, ती एकदा कॅमेऱ्याकडे पाहून हसली. शोभाताईनं टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं आणि ते बोट कपाळाला लावलं. भैय्यालाल म्हणाला, "पाहिलं न वं?"

"पाहिलं जी."

मैदानाकडून दंडारीची ढोलकी वाजू लागली. पाहुणे उठले, खुर्च्या सरकल्या, सगळे तिकडे निघाले. भैय्यालालनं सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. टीव्ही गेला, बॉक्स गेला. मग तो वर पाहत म्हणाला, "धनंजय वर आहे न."

"राहू द्या."

"अवं, पण..."

"राहू द्या म्हटलं. त्याईले बरं वाटून राहिलं."

भैय्यालालनं तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यभर भावासमोर गप्प राहिलेला तो माणूस आजही गप्पच राहिला, पण आजच्या गप्प राहण्याची चव वेगळी होती. चपला घालताना त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"वहिनी, झालं का?" वरून.

"जरासक थांबा, भाऊजी," असं म्हणून शोभाताईनं फाटक ओढून घेतलं.

टीव्ही सुरू असला की खालून वायरीतून मला थोडी वीज येते. ती थांबली की मला लगेच कळतं. आत्ता थांबली आहे. अंगणात कुणी नाही. आभाळातून धार येते आहे, पण ती माझ्यापाशीच संपते. हे मला ठाऊक आहे, त्याला नाही. तो ताठ उभा आहे. त्याची हनुवटी माझ्या काठावर टेकली आहे, हात कोपरापर्यंत बधिर झाले आहेत. मघाशी त्यानं मलाच विचारलं, "सुरू आहे का अजून?" मला तोंड नाही. असतं तरी मी सांगितलं नसतं.

माझं काय होईल? वेल्डिंगवाला साडी सोडून उद्या शुद्धीवर येईल, माझं स्टँड नीट होईल, असं शोभाताई जाता जाता म्हणत होती. झालं तर बरंच. नाही झालं तरी माझं काही मागणं उरलं नाही.

तुमच्यापाशी मात्र एक मागते. मंडईला जाताना तुम्ही आमच्या घरासमोरून जाल. तो वरून तुम्हालाही विचारेल, सामना संपला का. तुम्ही भल्या मनाचे, तुमच्या तोंडून खरं निघून जाईल. तेवढं गिळा. हात हलवा, हसा, आणि दंडारीकडे चालू लागा.